जुन्या डेस्कटॉपमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड : आधी मशीन वाचा, मग कार्ड निवडा

ग्राफिक्स कार्ड बदलायचं ठरलं की बहुतेक जण आधी कार्डांच्या तुलना बघायला बसतात. कोणतं सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) देतं, कोणाची मेमरी जास्त, कोणतं नवीन. माझं सांगणं बरोबर उलटं आहे. कार्ड सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढायचा, टॉर्च घ्यायचा आणि आत काय काय आहे ते कागदावर उतरवून काढायचं. कोणतं कार्ड पेलेल हे ते जुनं मशीनच सांगतं, फक्त त्याला विचारावं लागतं.

हे मी अनुभवातून शिकलो. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलीच्या डेस्कटॉपमध्ये कार्ड बसवून दिलं. एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ठळक अक्षरात ५०० वॅट लिहिलेलं होतं, म्हणून मी पुढचं काही वाचलंच नाही. विंडोज सुरू झालं, ड्रायव्हर बसला, सगळं छान. गेम सुरू करून दहाएक मिनिटं झाली आणि मशीन एकदम बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. शेवटी एसएमपीएस बाहेर काढून लेबल नीट वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर होते. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही वीज लागते ती याच १२ व्होल्टच्या लाइनवरून. वरचा ५०० चा आकडा आमच्या काहीच उपयोगाचा नव्हता.

खरंच कार्डच कमी पडतंय का?

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. जो गेम अडखळतो तो सुरू करा आणि रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा, बाकी काही बदलू नका. फ्रेम चांगल्याच वाढल्या तर अडथळा कार्डाचा. जवळपास तितक्याच राहिल्या तर प्रोसेसर दमलेला आहे आणि कितीही भारी कार्ड टाकलं तरी फरक जाणवणार नाही.

जोडीला टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) आलेख सतत ९५ ते १०० टक्क्यांवर असेल तर कार्ड बदलण्यात अर्थ आहे. प्रोसेसरचा एकूण आकडा मात्र फसवतो. चार कोअरच्या प्रोसेसरवर एकच कोअर पूर्ण भरला तरी एकूण वापर ४० टक्के दिसू शकतो. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा बघा.

आणि तक्रार जर ‘मशीन सुरू व्हायला वेळ लागतो, ब्राउझर उघडता उघडत नाही’ अशी असेल तर कार्डाचा विषयच सोडा. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावा, कारण दोन पट्ट्या असल्या की मेमरी दोन वाटांनी काम करते. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्यांना तर एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

एसएमपीएसचं लेबल

इथे घाई करू नका, सगळा निकाल इथेच लागतो. लेबलवर ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने असतात आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आपल्याला हवा तो १२ व्होल्टचा. तिथे १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन भाग असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली बहुधा दोघांची मिळून कमाल मर्यादा वॅटमध्ये दिलेली असते, तोच आकडा धरा.

एक हिशोब करून बघू. समजा लेबलवर १२ व्होल्टला ३० अँपिअर आहेत, म्हणजे ३६० वॅट. प्रोसेसर कोअर आय५-४५७०, त्याची मर्यादा ८४ वॅट. घ्यायचं मनात असलेलं कार्ड आरएक्स ६६००, त्याला १३२ वॅट. मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. बेरीज २६६. ३६० मध्ये हे बसतं आणि वर थोडी जागाही उरते. ती जागा हवीच, कारण कार्ड काही क्षणांसाठी आपल्या ठरलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं आणि दहा वर्षं चाललेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर पहिल्यासारखे राहिलेले नसतात. बेरीज १२ व्होल्टच्या मर्यादेच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास राहिली तर मी निर्धास्त असतो. कंपनीचं नावच नसलेला, हातात घेतल्यावर हलका लागणारा एसएमपीएस असेल तर हिशोब करत बसू नका, तो बदला. तो गेला तर एकटा जाईल याची खात्री नसते.

आता पिनांचं. कार्ड मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत बसतं त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढची वीज कार्डाच्या कडेला लागणाऱ्या केबलमधून येते. ६ पिनांची केबल ७५ वॅटची, ८ पिनांची १५० वॅटची. तुमच्या एसएमपीएसमधून अशी केबल निघतच नसेल तर तो एक स्पष्ट इशारा समजा : हा एसएमपीएस मोठ्या कार्डासाठी बनवलेलाच नाही.

अशा वेळी लोक अडॅप्टर शोधतात, आणि त्यातलं सगळ्यात धोकादायक म्हणजे साटाच्या (हार्ड डिस्क, एसएसडीसाठीच्या) वीजकेबलवरून ६ किंवा ८ पिना काढून देणारं. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. त्यावर ७५ किंवा १५० वॅटचा भार टाकला की प्लास्टिक वितळतं. हे अडॅप्टर कार्डाच्या खोक्यात फुकट मिळालं तरी वापरू नका.

दुसरी चूक दिसायला साधी आणि परिणामाने महाग. प्रोसेसरसाठीची ८ पिनांची केबल आणि कार्डासाठीची ८ पिनांची केबल सारख्याच वाटतात. प्रोसेसरची बहुधा ४ अधिक ४ अशी दुभंगते, कार्डाची ६ अधिक २ अशी. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या तारांच्या जागा उलट्या असतात. पिनांचे आकार वेगळे ठेवले आहेत ते यासाठीच, म्हणून जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा. सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबली त्याला लावू नका. टोकं जुळली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते.

ऑफिसातून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप हा वेगळा प्रकार. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये मदरबोर्डला नेहमीची २४ पिनांची केबल नसते, कंपनीची स्वतःची ६ किंवा ८ पिनांची असते. बाजारातला एसएमपीएस तिथे थेट लागत नाही. अशा मशीनसाठी वेगळी वीजकेबल न लागणारं कार्ड हाच शहाणपणाचा रस्ता. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती (७० वॅट) किंवा आरएक्स ६४०० (५३ वॅट) ही त्यातली नावं. ३०५० घेताना ‘६ जीबी’ हे शब्द नीट बघा. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॅट घेतं आणि त्याला केबल लागते.

स्लॉट, जागा आणि पोर्ट

स्लॉटची आवृत्ती जुनी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. २.० च्या स्लॉटमध्ये ४.० चं कार्ड लागतं आणि चालतं. इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये ३.० आलं २०१२ मध्ये, तिसऱ्या पिढीच्या आय५ आणि आय७ बरोबर. त्याआधीचं मशीन असेल तर २.० धरून चाला.

खरी मेख लेनच्या, म्हणजे स्लॉटमधून माहिती ये-जा करणाऱ्या वाटांच्या, संख्येत आहे. स्लॉट १६ लेनचा असला तरी कार्ड तितक्या वापरेलच असं नाही. आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०५० आणि आरटीएक्स ४०६० या कार्डांना ८ लेन आहेत. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी यांना तर फक्त ४. नव्या ४.० स्लॉटमध्ये त्या ४ लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते, ३.० मध्ये ४ जीबी, २.० मध्ये २ जीबी. शिवाय या कार्डांची मेमरी बहुतेक ४ जीबीच असते. ती भरली की गेम सारखा रॅमकडे धावतो आणि नेमका त्याच अरुंद रस्त्यावर अडकतो. म्हणजे जुन्या मशीनसाठी स्वस्त आणि मस्त म्हणून जे कार्ड पुढे केलं जातं, त्याचंच जुन्या स्लॉटमध्ये सगळ्यात जास्त नुकसान होतं. ६४०० ला मी वर नाव दिलं ते चिंचोळ्या कॅबिनेटमुळे दुसरा पर्याय उरत नसेल तर, एवढ्यापुरतंच.

मदरबोर्डवर लांब स्लॉट दोन असतील तर प्रोसेसरच्या जवळचा वापरा. खालचा लांबीला तेवढाच असला तरी आत त्याला अनेकदा ४ लेनच जोडलेल्या असतात.

मापं टेपने घ्या, नजरेने नाही. मागच्या पत्र्यापासून समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा आणि कार्डाच्या लांबीशी ताडून बघा. कार्डाच्या कडेला केबल लागली की ती वळायलाही जागा लागते. ती धरली नाही तर बाजूचा पत्रा बंद होत नाही. बहुतेक कार्डं दोन खाचांची जाडी घेतात, तेव्हा शेजारच्या स्लॉटमध्ये वायफायचं कार्ड असेल तर त्याची सोय आधी लावा. जुन्या मदरबोर्डवर साटाची तोंडं वर बघणारी असतील तर लांब कार्ड नेमकं त्यांच्यावर येतं. बारीक कॅबिनेटमध्ये कार्डाच्या मागच्या टोकाची पूर्ण उंचीची धातूची पट्टी बसतच नाही, तिथे लो प्रोफाइल कार्ड आणि त्याची आखूड पट्टी लागते. पट्टी खोक्यात आहे ना हे विचारून घ्या.

मॉनिटर जुना असेल तर त्याच्या मागे वाकून बघा. फक्त निळं व्हीजीए असेल तर नव्या कार्डावर ते पोर्ट मिळणार नाही, आणि डीव्हीआय असलं तरी त्यातून ॲनालॉग सिग्नल येत नाही. नुसत्या पिना जुळवणाऱ्या केबलने काम होत नाही, सिग्नल बदलून देणारं ॲक्टिव्ह अडॅप्टर लागतं.

बायोस

बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ (msinfo32) चालवा आणि ‘बायोस मोड’ समोर काय आहे ते बघा. युईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचा बायोस, असेल तर निम्मी चिंता मिटली. लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असेल तर नवं कार्ड चित्रच न देण्याची शक्यता राहते. इंटेलची आर्क कार्डं जुन्या मशीनसाठी मी सुचवत नाही. त्यांना युईएफआय तर लागतंच, पण रिसायझेबल बार नावाची सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) नसेल तर त्यांचा वेग फार पडतो आणि जुन्या मदरबोर्डांवर ती सहसा नसते.

मदरबोर्ड बनवणाऱ्याने बायोसची नवी आवृत्ती दिलेली असेल तर ती जुनं कार्ड आत असतानाच चढवा. नवं कार्ड लावल्यावर पडदा काळा राहिला तर चढवणार कशी? बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर त्याआधी रिकव्हरी की कुठे आहे ते शोधून ठेवा, कारण बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं.

जुनं कार्ड विकत घेताना

जुन्या मशीनला वापरलेलं कार्ड पुष्कळदा शोभतं, मी स्वतः अशी कार्डं घेतली आहेत. पण नावावर जाऊ नका. जीटी १०३० दोन प्रकारचं आहे. जीडीडीआर५ मेमरीवालं सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवतं, डीडीआर४ वालं जेमतेम १७. खोक्यावरचं नाव एकच. आरएक्स ५८० मध्ये २३०४ प्रोसेसिंग युनिट असतात, पण २०४८ वालंही त्याच नावाने विकलं जातं. काही कार्डांत तर कार्डाचा स्वतःचा बायोस बदलून जुनाट चिप नव्या नावाने खपवलेली असते. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर असं कार्ड ओळखून नावापुढे तसं लिहून दाखवतं. विकणाऱ्याकडून त्याचा स्क्रीनशॉट आणि कार्ड चालू असतानाचा व्हिडिओ मागा. पंखे खरखरतात का ते ऐका.

ड्रायव्हर किती दिवस मिळणार हेही बघा. एनव्हीडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबवलं. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत. तुमचे गेम जुनेच असतील तर १०५० टीआय आजही उत्तम चालेल, पण नवे खेळायचे असतील तर त्यात पैसे घालू नका.

प्रत्यक्ष बसवताना

नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. मग डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, घ्या, इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होतं तो मोड) जा आणि जुना ड्रायव्हर मुळापासून काढा. इंटरनेट तोडायचं कारण असं की नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर आणून बसवतं. सेफ मोडमध्ये कधी कधी लॉगिनचा पिन क्रमांक चालत नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या. एनव्हीडियाच्याच एका कार्डावरून दुसऱ्यावर जात असाल तर हे सगळं टाळलं तरी बहुधा चालतं. कंपनी बदलत असाल तर टाळू नका.

मशीन नीट शटडाउन करा, मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, सतरंजीवर किंवा गादीवर नको. आतल्या सगळ्या केबलींचा एक फोटो काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, आणि काम चालू असताना अधूनमधून लावत राहा.

जुन्या कार्डाची वीजकेबल काढा, मागच्या पट्टीचे स्क्रू काढा. आता कार्ड ओढू नका. स्लॉटच्या आतल्या टोकाला प्लास्टिकची एक खिटी असते, तिने कार्डाला खालून धरून ठेवलेलं असतं. ती काही मदरबोर्डांवर खाली दाबावी लागते, काहींवर बाजूला सरकवावी लागते, आणि मोठ्या कार्डाखाली ती बोटाला सापडत नाही. मी लाकडी पेन्सिलीचं मागचं टोक वापरतो. स्क्रू ड्रायव्हर मुळीच नको, घसरला तर मदरबोर्डवर ओरखडा उठतो. खिटी सुटली की कार्डाचं ते टोक किंचित वर येतं. मग दोन्ही टोकांना धरून सरळ वर उचला.

स्लॉट रिकामा आहे तोवर धूळ साफ करून घ्या. हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा थर बसलेला असेल तर तोही आत्ताच काढा, कारण नवं कार्ड आतली उष्णता वाढवणार आहे.

नवं कार्ड कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना हात लावू नका. आधी मागच्या पट्टीची खालची जीभ मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या फटीत उतरते ना ते बघा, मग कार्ड स्लॉटवर टेकवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. खिटीचा ‘खट्’ आवाज येतो. आला तरी टॉर्च मारून बघा : सोनेरी पट्टीची रेघ स्लॉटच्या वर कुठेच दिसता कामा नये. एका टोकाला दिसत असेल तर कार्ड तिरकं बसलं आहे. स्क्रू घट्ट करा. वीजकेबल खटका बसेपर्यंत आत ढकला. दोन कनेक्टर असतील तर शक्यतो दोन वेगळ्या केबली आणा. १६ पिनांचा नवा कनेक्टर असेल तर फट राहिली नाही ना ते डोळ्यांनी बघा आणि त्याच्या अगदी जवळ केबल वाकवू नका.

पडदा काळाच राहिला तर

पत्रा न लावताच चालू करा. चित्र आलं नाही तर आधी मागे बघा, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये तर नाही ना. निम्म्या वेळा तेच असतं. मग कार्डाची वीजकेबल बघा. त्यानंतर कार्ड आणि रॅम काढून पुन्हा बसवा. मग वायर काढून मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा, बायोस मूळ स्थितीला येतो. डिस्प्लेपोर्ट वापरत असाल तर एकदा एचडीएमआय लावून बघा. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेतल्या काही कार्डांवर नव्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्टने जोडल्यावर विंडोज येईपर्यंत पडदा काळा राहायचा, त्यासाठी एनव्हीडियाने २०१८ मध्ये फर्मवेअर सुधारण्याचं साधन दिलं होतं. एवढं करूनही काही नाही, आणि कार्ड दुसऱ्या मशीनवर चालतं, तर बायोस आणि कार्ड यांचं जमत नाही असं समजून ते परत करा.

चित्र आलं की ड्रायव्हर बसवा, रीस्टार्ट करा, जीपीयू-झेड उघडा. ‘बस इंटरफेस’समोर तुम्हाला १.१ असा आकडा दिसला तर दचकू नका. काम नसताना कार्ड वेग उतरवून बसतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी सुरू केली की आकडा ३.० किंवा २.० वर चढतो. लेन मात्र बघा. ८ लेनच्या कार्डाला ४ दिसत असतील तर ते एकदा काढून नीट बसवा.

मग अर्धा तास तुमचा सगळ्यात जड गेम चालवा आणि तापमान लिहून ठेवा. ६५ ते ८० अंश ठीक. ८५ च्या पुढे टिकून राहत असेल तर कॅबिनेटला मागे हवा बाहेर टाकणारा एक पंखा लावा. मशीन अचानक बंद झालं तर संशय एसएमपीएसवर. तो लगेच बदलता येत नसेल तर आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. वीज पाचव्या हिश्शाने कमी होते, पण फ्रेम तितक्या प्रमाणात घटत नाहीत. त्या मुलीच्या मशीनवर मी नवा एसएमपीएस येईपर्यंत हेच केलं होतं, आणि तेवढ्याने बंद पडणं थांबलं.

काढलेलं जुनं कार्ड लगेच विकू नका. नव्या कार्डाच्याच चकचकीत पिशवीत घालून महिनाभर ठेवा. मधेच पडदा काळा पडला तर दोष कार्डाचा की मशीनचा, हे तेच लावून दोन मिनिटांत कळतं.